मोहावरची मोटार

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तेव्हा कुणी काय काय जाळलं हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. जळगावकडच्या मोटारींनी पाठीवर कोळशाच्या भट्ट्या बांधल्या. त्या मोटारी चढाला लागल्या की उतारू खाली उतरून ढकलायचे आणि काळ्या तोंडानं लग्नाला पोचायचे. सोनगीरच्या तोताराम नानांनी असली भट्टी घेतली नाही. भट्टी विकत घ्यावी लागते, आणि नानांचा हात खिशात गेला की बाहेर येताना रिकामाच यायचा. त्यांनी आपली एकुलती एक मोटार मोहाच्या दारूवर घातली.

हसू नका, चालायची ती. थोड्या पेट्रोलवर सुरू करायची, इंजिन तापलं की दुसऱ्या टाकीची तोटी उघडायची. मग सोनगीर ते धुळे बारा-तेरा मैल ती गुरगुरत जायची आणि मागे सगळ्या आग्रा रस्त्यावर मोहाचा गोड, आंबूस वास. वाटेवरच्या देवभान्याच्या पारावरची म्हातारी माणसं मोटार जाऊन गेली की उगाच जरा वेळ बसून राहायची, असं लोक म्हणत.

ही मोटार हाकायचा झुलाल. चाळिशी ओलांडलेला, मिशीवाला, तोंडाचा फटकळ. त्याची जीभ इंजिनाआधी सुरू व्हायची. आणि दारू गाळून द्यायचा ठाकऱ्या. सातपुड्याच्या पायथ्याकडून हा नवरा-बायकोचा जोडा मजुरीला खाली आला होता, सोनगीरच्या किल्ल्यामागच्या नाल्यात झोपडी बांधून राहिला होता. बायकोचं नाव दिवालीबाई. फाल्गुन-चैत्रात पायथ्याकडून मोहाच्या फुलांची पोती यायची आणि ठाकऱ्याची भट्टी पेटायची.

पिण्याची दारू एकदा गाळली की झालं. मोटारीला ती चालत नाही, तिच्यात पाणी फार. म्हणून ठाकऱ्या ती दोनदा गाळायचा. झुलाल डबा घ्यायला गेला की चिंधी बुडवून काडी लावायचा. दारू जळून चिंधी ओलीच राहिली तर माल कच्चा, चिंधीसकट जळाली तर पक्का. ही झाली मोटारवाल्याची रीत. ठाकऱ्याची रीत वेगळी होती. घरातून दारूचा डबा बाहेर जायचा तर आधी चुलीपाशी पूर्वजांच्या नावानं धार सोडायची. त्यांना पाजल्याशिवाय दुसऱ्या कुणाला पाजायची नाही, मग तो पिणारा माणूस असो की मोटार.

"अरे, ही मोटारनी दारू शे," झुलाल चेष्टा करायचा. "तुन्हा आजा का मोटारमा बसीसन धुळे जास?"

ठाकऱ्या हसायचा आणि धार सोडायचा.

त्या वैशाखात मोटार चढाला खोकायला लागली. झुलालनं ठाकऱ्याला उतारूंसमोर फैलावर घेतलं. "पानी देस का रे माले? बाईमाणूस पी जाई असा माल शे हाऊ." ठाकऱ्याला ते लागलं. त्यानं तो माल तिसऱ्यांदा गाळला. भर दुपारी झुलाल नाल्यात गेला, तेव्हा ठाकऱ्या एक डबा कडेवर धरून भट्टीपाशी उभा होता. त्यानं रोजच्यासारखा डबा कलता केला आणि निखाऱ्यांशेजारच्या मातीवर धार सोडली.

आधीच्या दारूची धार मातीत मुरून जायची. ही मुरली नाही. हिनं निखारा धरला आणि धारेवरून जाळ वर चढून डब्यात गेला. पण एवढ्या कडक दारूचा जाळ उन्हात दिसत नाही हो. रात्री निळा दिसतो. दुपारी नुसती वरची हवा हलते, बाकी काही नाही.

झुलालला दिसलं ते एवढंच, की ठाकऱ्यानं डबा फेकला आणि तो नाचायला लागला. हात झाडतोय, छाती बडवतोय, गोल गोल फिरतोय, आणि त्याच्याभोवती हवा थरथरतेय. लेकाचा चाखून बसलाय, असं झुलालला वाटलं. तो हसला. खोटं कशाला सांगा, त्यानं टाळीसुद्धा वाजवली. मग ठाकऱ्याचे केस नाहीसे झाले.

दिवालीबाई पाण्याला गेली होती. ती येईपर्यंत झुलालनं ओलं गोणपाट टाकून सगळं विझवलं होतं, माणूससुद्धा. ती धावत आली, गोणपाटाला हात घातला, तर झुलालनं तिचे दोन्ही हात धरून ठेवले. "नको दखू, बाई. ते तोंड दखाना सारखं नही." तिकडे नानांना पोलिसांचा धसका. त्यांनी चार माणसं बोलावून दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. नवऱ्याचं तोंड दिवालीबाईला बघायला मिळालं नाही ते नाहीच.

नाल्यात त्या दिवशीच्या मालाचा एक डबा वाचला होता. नानांनी तो मागायला माणूस पाठवला, तर दिवालीबाई विळा घेऊन दारात उभी राहिली. वर्ष भरलं की ठाकऱ्याच्या नावाचा दगड उभा करायचा होता, आणि त्याला धार सोडायची होती ती त्याच्याच हातच्या दारूची. डबा तिनं झोपडीत पुरून ठेवला.

इकडे झुलालच्या मागे वेगळंच लागलं. उन्हाळ्यात डांबरावर हवा कशी हलते, ठाऊक आहे ना? लांबवर पाणी साचल्यासारखं दिसतं, जवळ जावं तर काही नाही. वीस वर्षं मोटार हाकली, झुलालनं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता देवभान्याअलीकडचा लांब उतार लागला की त्या हलत्या हवेत ठाकऱ्या असायचा. हात झाडायचा, गोल फिरायचा. झुलालचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा आणि उतारू एकमेकांच्या अंगावर पडायचे. पावसाळ्यात बरं गेलं. आश्विनातलं ऊन तापलं आणि ठाकऱ्या पुन्हा रस्त्यावर आला.

सगळ्यात वाईट काय, तर तो दिसला की झुलालला आधी हसू यायचं. त्या दिवशीचंच हसू, तसंच्या तसं ओठावर. मग घाम फुटायचा. त्यानं दुपारची खेप बंद केली. उन्हानं डोकं फिरतं म्हणून नानांना सांगितलं. बायकोला मात्र खरं सांगितलं, आणि ताईबाईच्या पोटात काही राहणं कठीण. महिन्याभरात सगळ्या सोनगीरला ठाऊक झालं, की झुलालला रस्त्यावर ठाकऱ्या दिसतो.

पुढच्या चैत्रात झुलालची लेक सुंदर बाळंतपणाला माहेरी आली. पहिलंच. पहाटेपासून कळा, आणि दहा वाजले तरी सुटका नाही. सुईण धुरपदाबाई बाहेर आली, हात पुसले, आणि झुलालला बाजूला घेऊन म्हणाली, "पोर आडवं शे. माना हातनं काम नही. धुळाना दवाखानामा ली जा, नही ते दोन्ही जातीन."

मोटार दारात उभी होती. टाकीत पेट्रोल होतं ते जेमतेम इंजिन तापेल एवढं. नाना आदल्या दिवशीच जळगावला पेट्रोलच्या कुपनांसाठी खेटे घालायला गेले होते. ठाकऱ्या गेल्यापासून मोटार कुपनांवरच कशीबशी चालायची, दुसऱ्या टाकीत काही नव्हतं. बैलगाडी जोडली तर उन्हातान्हात संध्याकाळ होणार. आत सुंदर ओरडत होती आणि ताईबाई देवाला काय काय कबूल करत होती. झुलाल नाल्याकडे पळाला.

दिवालीबाई झोपडीबाहेर चिंचा वाळत घालत होती. झुलालनं तिच्या पायाशी पागोटं ठेवलं. लेकीचं सांगितलं, डबा मागितला. ती चिंचांवरून हात फिरवत राहिली.

"तुले तो दिसस म्हने," ती म्हणाली.

झुलालनं मान हलवली.

"कोठे?"

"रस्तावर. देवभानाना उतारवर. दुपारले."

"तोंड दिसस का त्यानं?"

झुलालनं तोंड कधी नीट पाहिलंच नव्हतं. पण तो हो म्हणाला.

दिवालीबाई उठली. झोपडीत जाऊन तिनं कुदळीनं माती उकरली आणि डबा बाहेर काढला. "माले दखाड," ती म्हणाली. "तेवढं कर. मंग ली जा आख्खी."

"थोडी ठेव, बाई. वरीसनं शे ना तुनं."

"तोच भेटी, तर मंग कसाले ठेवू?"

मोटारीत मागे गोधड्या टाकल्या. सुंदरला आडवी केली, उशाशी ताईबाई, पायाशी धुरपदाबाई. दिवालीबाई पुढे झुलालशेजारी बसली. डोक्याला तेल लावून, धुवट लुगडं नेसून आली होती. झुलालनं दुसऱ्या टाकीत डबा ओतला, हँडल मारलं, पेट्रोलवर इंजिन तापवलं, मग तोटी फिरवली. मोटार एकदा दचकली आणि अशी काही पळायला लागली की कधी पळाली नव्हती. तिसऱ्यांदा गाळलेला माल तो. गावाबाहेर पडेपर्यंत मोटारभर मोहाचा वास भरून राहिला. दिवालीबाईनं डोळे मिटून तो घेतला.

सूर्य डोक्यावर आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच झुलाल, ठाकऱ्या दिसावा म्हणून, देवाची आळवणी करत होता. एकदा दिसू दे, हिला दाखवतो, मग मला काय करायचं ते कर, पण लेकीला हात लावू नको. मागून सुंदरचं ओरडणं आता कण्हण्यावर आलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं.

उतार लागला. रस्ता खाली लांबवर सरळ पडला होता, त्याच्यावर ऊन, आणि उन्हात हवा हलत होती. नुसती हवा. झुलालनं डोळे ताणले, मान पुढे काढली. काही नाही. वर्षभर ज्यानं त्याला दुपारची खेप करू दिली नाही, तो आज कुठेच नव्हता. हसू आलं नाही, घाम आला नाही. छाती मोकळी झाली, आणि त्या मोकळेपणाचीच त्याला भीती वाटली.

"उना का तो उतार?" दिवालीबाईनं विचारलं.

"हा."

"कोठे शे?"

खरं सांगावं असं झुलालच्या जिभेवर आलं होतं. पण खरं सांगितलं आणि हिनं चाकाला हात घातला तर? दारू परत दे म्हणाली तर? मागे लेक कण्हत होती. समोर रस्त्याच्या कडेला एक बाभूळ होती. दुसरं काहीच नव्हतं म्हणून त्यानं बाभळीकडे बोट केलं.

"तो दख. बाभुयखाले."

दिवालीबाई पुढे वाकली. तिनं कपाळावर आडवा हात धरला. बाभूळ जवळ आली, बाजूला आली, मागे पडली. तिनं मान वळवून वळवून पाहिलं.

"थांबाड," ती म्हणाली. "माले उतरू दे."

"येतायेता थांबसू. पोर मरी जाई मनी."

धुळे येईपर्यंत पाठमोरी बसून ती मागच्या रस्त्याकडे बघत राहिली.

दवाखान्यात सुंदरला आत नेलं. दिवस कलता कलता आतून रडण्याचा आवाज आला. नातू झाला होता आणि लेकही वाचली होती. ताईबाई व्हरांड्यातच मटकन खाली बसून रडायला लागली. झुलालला आधी आठवली ती दिवालीबाई. तो बाहेर येऊन बघतो, तर मोटार रिकामी. चहाच्या दुकानदारानं सांगितलं, ती बाई तर मघाच पायी आग्रा रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल मिळाल्यावर झुलाल मोटार घेऊन निघाला. उतारावरच्या बाभळीखाली दिवालीबाई बसली होती. तिसऱ्या दिवशीही होती. पुढे तर तिनं तिथेच चार काटक्या उभ्या करून वर पाला टाकला. ठाकऱ्याच्या नावाचा दगडही तिथेच रोवला. धार सोडायला दारू नव्हती, म्हणून पाणी सोडायची. मोटार दिसली की ती डोक्यावर पदर घेऊन रस्त्याकडे बघत राहायची. झुलालला वाटायचं ती आपल्याकडेच बघते. दुपारची खेप त्यानं पुन्हा सुरू केली, पण आता त्याला हवेत काही दिसत नव्हतं. दिसायची ती बाभळीखालची हाडामांसाची बाई, जाताना एकदा आणि येताना एकदा.

बारशानंतर त्याच्यानं राहवेना. एका दुपारी त्यानं रिकामी मोटार उतारावर थांबवली, खाली उतरला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. बोलायचं ते त्यानं वाटेत घोकून ठेवलं होतं. मी खोटं बोललो. त्या दिवशी इथे कुणी नव्हतं. कधी होतं की नाही, तेही आता सांगता येत नाही.

"दिवालीबाई," तो म्हणाला, "तो दिन मी तुले..."

"हळू बोल," दिवालीबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण डोळे निवले होते. "आतेच तो आठे व्हता. तुन्ही मोटारना आवाज उना आनि गया. रोज असंच व्हस. जरासा बसस, तोंड दखाडस, तेवढामा तू येस आनि तो बुजस."

झुलालनं समोरच्या रस्त्याकडे बघितलं. ऊन होतं, हवा हलत होती.

"आते मी काय करू?" त्यानं विचारलं.

"मोटार हळू आन, भाऊ. आगना आवाजले भ्यास तो."

तेव्हापासून झुलाल उताराच्या माथ्यावर आला की इंजिन बंद करायचा. मोटार आपल्या वजनानं गुपचूप खाली यायची, बाभळीवरून जायची, आणि पार उताराखालच्या ओढ्यापलीकडे गेल्यावर तो पुन्हा हँडल मारायचा. परतीच्या चढावर इंजिन बंद करता येत नाही, म्हणून सोनगीरला तो शेतातल्या गाडवाटेनं वळसा घालून जायचा आणि उतारूंच्या शिव्या खायचा. उतरताना मोटारीत कुणी मोठ्यानं बोललं, तर चाक धरल्या धरल्या त्याला गप्प करायचा. झुलाल उतारावर पेट्रोल वाचवतो म्हणून नानांनी चार माणसांत त्याची पाठ थोपटली.

बाभळीशी आलं की तो दर खेपेला रस्त्याकडे निरखून बघायचा. ठाकऱ्या त्याला पुन्हा कधीच दिसला नाही.