दाताची वाट

आत्या एका बेकरीत भट्टी सांभाळायची. अंगापिंडानं दणकट, बोलायला फटकळ. सुईला मात्र जाम घाबरायची. धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा तिला ‘चिमणी’ म्हणायला आत्यानंच सुरुवात केली. भावजयीला ते फारसं रुचलं नव्हतं. तसंही दोघींचं कामापुरतंच बोलणं असे.

चिमणी काही महिन्यांची झाली तरी तिची नजर कुठे ठरेना. अंगावर बाळसं नाही, रक्त सारखं कमी. डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढला तर सगळी हाडं पांढरीशुभ्र, भरीव. भाऊ म्हणाला, हाडं तर चांगली भक्कम दिसतायत. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुखणं तेच आहे.

मग त्यांनी नीट समजावलं. आपल्या अंगात हाड खाणाऱ्या पेशी असतात. त्या हाडाला घट्ट चिकटतात, कडेनं गोल बांध घालतात आणि त्या बंद जागेत आम्ल सोडून हाड विरघळवतात. जागा मोकळी झाली की नवं हाड भरणाऱ्या पेशी येतात. चिमणीच्या पेशी चिकटत होत्या, बांधही घालत होत्या, पण आम्ल सुटत नव्हतं. म्हणून हाड नुसतं साचत चाललं होतं. आत रक्त तयार होण्याची पोकळी बुजत होती, आणि डोळ्यांच्या नसांची वाटही आवळत होती.

“म्हणजे आमच्या मोठ्या काकांसारखं,” आत्या म्हणाली. “ठाण मांडून बसायचं आणि काडी इकडची तिकडे करायची नाही.”

भावजयीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. आत्यानं तिला जवळ ओढलं.

या पेशी रक्ताच्याच घराण्यातल्या, त्यामुळे दुसऱ्याच्या हाडातली चांगली मज्जा चिमणीला दिली तर तिच्यात नव्या, काम करणाऱ्या पेशी तयार होतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. मेळ बसला तो आत्याचा. सुई कमरेच्या हाडात जाणार हे ऐकून तिला दरदरून घाम फुटला. भूल देतात, काही कळत नाही, असं भाऊ सांगत होता. ती म्हणाली, तू गप्प बस, मी घाबरते आहे, नाही म्हणत नाहीये.

आत्या दोन-तीन दिवस कंबर धरून चालली, एवढंच. चिमणीचे हाल मात्र फार झाले. ताप, तोंडात फोड, काचेआडची खोली. भावजय काचेला कपाळ टेकून बसून राहायची. आत्या तिला बळेच दोन घास भरवायची. हळूहळू तिचं रक्त वाढू लागलं. पुढच्या एक्स-रेत त्या पांढऱ्या हाडांच्या आत काळसर पोकळी दिसली आणि डॉक्टरबाईंनी ती सगळ्यांना बोटानं दाखवली. एका डोळ्याची नजर गेली ती गेलीच. दुसरा वाचला.

एके सकाळी भावजय चिमणीला कडेवर घेऊन थेट बेकरीत आली. याआधी ती तिथे कधी आली नव्हती. आत्याला हात धुवायला लावून तिनं तिचं बोट चिमणीच्या तोंडात घातलं. खालच्या हिरडीला काहीतरी टोकदार लागलं.

“दात?”

“पहिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, दात वर यायचा तर आधी त्याच्यावरचं हाड खाल्लं जावं लागतं. ते तुमच्या पेशींनी खाल्लं, वन्सं.”

आत्यानं त्या टोकावरून बोट पुन्हा एकदा फिरवलं. इतकी वर्षं या अंगानं पिठाची पोती उचलली, भट्टीची धग सोसली. त्याच्या आत असलंही काही चालू असेल हे तिच्या गावीही नव्हतं. मनातल्या मनात तिनं कमरेला हात जोडले.

“तुमचे उपकार कसे फेडू?” भावजय म्हणाली.

“फेडतेस कसले? मला मिळालेलंच पुढे दिलं.”

तेवढ्यात चिमणीनं बोट कचकन चावलं. आत्या कळवळली, पण बोट तिनं तसंच राहू दिलं.