मौनीबाबाचं नॉर्मल

“नॉर्मल आलं रे,” ताई फोनवर म्हणाली. “ऑपरेशन टळलं. आता मी खुशाल लेकीकडे जाते, तिचे दिवस भरत आलेत.”

“आकडा किती आलाय?” त्याने ऑफिसात जेवणाचा डबा उघडता उघडता सहज विचारलं.

“आकडा नाही. मोबाइलवर नुसतं ‘नॉर्मल’ आलंय. आणि तुझ्याच प्रोग्रॅमचा रिपोर्ट, मग मला कसली काळजी?”

रक्ततपासणीच्या लॅबचा तो प्रोग्रॅम खरंच त्याचा होता. ऑफिसात त्याला मौनीबाबा म्हणत. स्वतः तो अखंड बडबड्या, पण प्रोग्रॅम कुरकुरायला लागला की त्याला गप्प करण्यात त्याचा हातखंडा. मागे यंत्राकडून आकडा आला नाही की स्क्रीन अडून बसायची आणि लॅबमधल्या बायका फोन करकरून डोकं उठवायच्या. साहेब म्हणाले, “बाबा, त्याचं तोंड बंद करा.” त्याने एक ओळ घातली: चूक आली तरी पुढे चल. शेजारी ‘तात्पुरतं’ असं लिहायलाही तो विसरला नाही. फोन थांबले, साहेब खूश झाले आणि तात्पुरतं ते तसंच राहिलं.

आता घास त्याच्या तोंडातच राहिला. आकडा नसताना प्रोग्रॅम पुढे जाऊन छापतो तरी काय? इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याच्या मनाला शिवला नव्हता. त्याने कोड उघडला. प्रत्येक रिपोर्टची सुरुवातच ‘नॉर्मल’ने होत होती, आकडा वेडावाकडा निघाला, तरच तो शब्द बदलायचा. आकडाच आला नाही, तर बदलणार कोण?

त्याने ती ओळ काढून आपल्या लॅपटॉपवर जुने रिपोर्ट पुन्हा चालवले. आकडा न आलेला प्रत्येक रिपोर्ट लाल चूक दाखवू लागला आणि स्क्रीन लालेलाल झाली.

शेजारी बसणारी, प्रोग्रॅम तपासून बघणारी टेस्टिंगवाली मान लांब करून म्हणाली, “हे काय करून ठेवलंस? सकाळी तर सगळं छान होतं.”

“सकाळीही असंच असणार.”

“असणार म्हणजे?”

“मला काही कळत नाहीये गं.”

त्या लाल गर्दीत ताईचं नाव होतं. आकडा आलेला नव्हता. साहेब येऊन बघून गेले. “आज राहू द्या, सोमवारी बसू,” म्हणाले. तो स्क्रीनकडे बघत राहिला. ताई आजारी आहे असं कोणी म्हणत नव्हतं, आणि बरी आहे असंही कोणी म्हटलं नव्हतं. मग इतका वेळ बोलत होतं कोण? डबा तसाच उघडा टाकून तो उठला.

तो ताईच्या घरी पोहोचला तेव्हा ती बॅग भरत होती.

“ताई, पुन्हा रक्त द्यावं लागेल.”

तिचा हात थांबला. “वाईट आलंय?”

“नाही.”

“मग चांगलं आलंय.”

“तसंही नाही.”

“अरे, मग आलंय तरी काय?”

“काहीच आलेलं नाही. तो शब्द... तो आपला असाच आला.”

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. लहानपणी तो ताप लपवायचा, तेव्हा पाहायची तशी. मग काही न विचारता तिने चपला घातल्या.

लॅबमध्ये तिने बाही वर सारली. “मुंगी चावल्यासारखं होईल, मावशी,” सुईवाली म्हणाली.

“मला नको, याला धीर द्या,” ताई म्हणाली. हातावर कापूस दाबून बाहेर आल्यावर तिने हळूच विचारलं, “माझ्या एकटीचंच झालंय का रे असं?”

“नाही.”

“मग बाकीच्यांना कोण बोलावणार?”

समोरच्या बाकावर एक बाई फोनवर कोणाशी तरी हसून बोलत होती. तो तिच्याजवळ गेला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

“बाई, तुमचा रिपोर्ट...”

“नॉर्मल आहे,” ती आनंदाने म्हणाली आणि ओळख ना पाळख, मोबाइल त्याच्यासमोर धरला. तिचं नॉर्मल खऱ्या आकड्याचं होतं की त्याच्या त्या ओळीचं, ते नुसतं बघून त्यालाही कळेना.

“रक्त कधी दिलं होतंत?” त्याने विचारलं, आणि तो तिच्याशेजारी बसला.