शेणाचं हळदीकुंकू

आमच्या घरी एक हळदीकुंकू असं झालं, की आलेल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर शेणाची पाटी होती. हे मी सासरी सांगितलं तेव्हा नणंदेने नाक मुरडलं आणि नवरा म्हणाला, "तुमच्या जुन्नरकडे काहीही चालतं." चालतंच. नथ घालून, काठापदराचं लुगडं नेसून शेण घेऊन येणाऱ्या बायका यांच्या वाट्याला कधी आल्या नाहीत, त्याला मी काय करू?

गोष्ट पिंपळवंडीची, शहाण्णव सालची. मी, नूतन, तेव्हा ओतूरच्या कॉलेजात अकरावीला होते. एसटीने जायचे, एसटीने यायचे, आणि येताना खिडकीची जागा मिळाली की स्वतःला मोठी साहेबीण समजायचे. त्या दिवाळीत आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आईने दुखणं अंगावर काढलं होतं, उशीर फार झाला होता, डोळा गेला तो गेलाच. उजवा तरी राखायचा असेल तर धुरापुढे अजिबात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बजावलं. आणि आमच्या स्वयंपाकघरात तर धुराशिवाय काही शिजतच नव्हतं. सिलिंडरसाठी नंबर लावून वर्षं झाली होती, आणि रॉकेल कंदिलाला पुरलं तरी मिळवलं म्हणायचं.

मग चुलीपुढे मी बसले. कॉलेजची पिशवी खुंटीला अडकवली ती तिथेच राहिली. आई ओसरीवर हिरवी पट्टी बांधून बसायची आणि आतल्या भाकरीचा आवाज ऐकून सांगायची, "थापताना कड जाड राहातीय गं." मला असा राग यायचा की पीठच भिरकावून द्यावं.

दिवाळीनंतर पारगावची ठकूबाई आत्या, म्हणजे दादांची थोरली बहीण, आईला बघायला आली. आईला बघून झाल्यावर तिने मला बघितलं. "सयाजी, पोरगी चुलीपाशी बसलीच हाय, तर तिची तिला चूल मिळू दे की," ती दादांना म्हणाली. "आमच्याकडं कारखान्यावर लागलेला पोरगा हाय. चांगली मानसं हाईत. पोरीच्या हाताला चव हाय म्हनून मी सांगून बी ठिवलंय."

दादा गप्प बसले. दादा हा मुळात गप्प बसणारा माणूस, पण त्या दिवशीचं त्यांचं गप्प बसणं मला आवडलं नाही. ते होकाराच्या बाजूचं वाटलं. एप्रिलमध्ये अकरावीची परीक्षा होती. ती दिली नाही तर बारावी नाही, आणि बारावी नाही तर कारखान्यावरचा पोरगा पक्का, हे मला भाजी चिरता चिरता स्वच्छ दिसत होतं.

आईने दुसऱ्या दिवशी दादांना विचारलं, "त्या गोबरगॅसचं काय व्हतं वो?"

गोबरगॅसला सरकारचं अनुदान होतं. पंचायत समितीचे एक साहेब मोटरसायकलवरून गावोगाव फिरायचे. त्यांना वर्षाचं टार्गेट होतं, त्यामुळे ते आम्हाला जितके हवे होते त्याहून जास्त आम्ही त्यांना हवे होतो. गोठ्यात बैलजोडी, एक म्हैस आणि एक गाय बघून ते खूश झाले. अट एकच, मार्चअखेर शेगडी पेटलेली दिसली पाहिजे, तिचा फोटो निघाला पाहिजे. नाहीतर पैसे माघारी. भागू गवंड्याने गोठ्यामागे खड्डा घेऊन विटांचा घुमट बांधला, त्यावर माती लोटली, आणि संक्रांतीच्या सुमारास तो तयार झाला.

तयार झाल्यावर साहेबांनी सांगितलं, की रोजचं शेण तुमच्या गोठ्यातलं पुरेल, पण पहिल्यांदा टाकी भरायला चार-पाच बैलगाड्या शेण लागेल. तेही ताजं, आणि एकदमच. थंडीत गॅस धरायला महिना तरी जातो, म्हणजे आत्ताच भरा.

"त्यात काय," दादा म्हणाले. "इर्जिक घालतो."

इर्जिक म्हणजे एखाद्याची नांगरट अडली की सगळ्या गावाने आपापले बैल घेऊन जायचं, एका दिवसात रान नांगरून द्यायचं, आणि त्याने सगळ्यांना जेवण घालायचं. दादांनी मारुतीच्या पारावर शेणाची इर्जिक पुकारली. पार हसून हसून मोडायचा बाकी राहिला. पण कुणी नाही म्हटलं नाही. "राव सयाजी, वहिनीच्या डोळ्यापुढं शेणाचं काय एवढं," असं गेणभाऊ म्हणाले. त्यांच्या गोठ्यात गावात सगळ्यात जास्त जनावरं होती.

मी मटण शिजवलं. धुराने माझे डोळे आईच्या डोळ्यासारखे झाले. दुपारी माणसं आली, आणि काय सांगायचं! कुणाकडे एक पाटी, तीही अर्धी. कुणी रिकाम्या हाताने आलेला, पण जेवायला मात्र वेळेवर. गेणभाऊ तर पानावर बसल्यावर म्हणाले, "आमची कारभारीन म्हनली, शेन शिल्लक न्हाई. आता तिच्यापुढं काय बोलायचं?" एकट्या भगवंततात्यांनी गाडी गच्च भरून आणली. त्यांना विचारायला घरात बायको नव्हती.

माणसं ढेकर देऊन गेली आणि दादा त्या एका गाडीकडे बघत बसले. आई ओसरीवरून सगळं ऐकत होती.

"शेन बाप्यांचं असतंय व्हय?" ती म्हणाली. "बैल तुमचं, शेन आमचं. तुमी विचारलं कुनाला?"

हे खरं होतं आणि दादांच्या डोक्यात आलंच नव्हतं. ऊन तापायला लागलं की बायका गवऱ्या थापायला घेतात. तेवढ्या दिवसांत पावसाळ्याचं जळण साठवायचं असतं. एका दिवसाचं शेण द्यायचं म्हणजे आषाढातल्या काही दिवसांची चूल द्यायची. हा हिशेब बाईच्या डोक्यात असतो, पारावर तो कुणालाच ठाऊक नसतो.

रथसप्तमीला दोन दिवस होते. आईने ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढायला लावलं, हातात कुंकवाचा करंडा घेतला, आणि डोळ्यावरच्या पट्टीसकट माझा खांदा धरून गावात निघाली. घरोघर उंबऱ्यावर उभी राहून सांगायची, "रथसप्तमीला हळदीकुंकवाला या. येताना शेन घिऊन या." बायका आधी तोंडाकडे बघत, मग पदर तोंडाला लावत.

गेणभाऊंच्या लंकाकाकू मात्र हसल्या नाहीत. "प्रयागबाई, तुजा डोळा गेला, मला लई वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "पन मी शेन तुला दिलं तर पावसाळ्यात चुलीत काय माजं पाय लावू?"

आईने हातातला करंडा सावरला. मग म्हणाली, "लंकाबाई, हळदीकुंकवाला वान द्यावं लागतं. माज्याकडं वाटी न्हाई, गाळनी न्हाई. माजं वान असं हाय, की पावसाळ्यात जिचं सरपन भिजंल तिनं आपली परात उचलायची आन् सरळ माज्या शेगडीवर यायचं. विचारायचं न्हाई. मी हाय तवर."

लंकाकाकूंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि एवढंच म्हणाल्या, "बघू."

रथसप्तमीच्या दुपारी आमच्या गल्लीत जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. बायका एकामागून एक येत होत्या, नाकात नथ, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. सगळ्यांत पुढे लंकाकाकू, आणि त्यांच्या मागे त्यांच्या दोन्ही सुना. शेण टाकायच्या हौदाला आईने हळदीची बोटं ओढली होती. तिथे कुणीतरी ओरडलं, "नाव घेतल्याबगर पाटी रिती करायची न्हाई!" झालं. लंकाकाकूंनी पाटी तोलत घेतलं,

"पाटीभर शेन, वर घागरभर पानी,
गेनभाऊंचं नाव घेते, मी त्यांची रानी."

गेणभाऊ कुंपणाशी उभे होते, ते लाजून गोठ्याच्या मागे गेले. मग चढाओढच लागली. बायकांनी बांगड्या मागे सारल्या, कोपरापर्यंत हात घालून शेण कालवलं, दुसऱ्या फेरीला घरी गेल्या, तिसऱ्या फेरीला गेल्या. संध्याकाळी तिळगूळ घेताना सगळ्यांच्या हातांना शेणाचा वास होता आणि कपाळाला कुंकू. त्या वासाची मला आजही आठवण येते. चिंचवडच्या माझ्या फ्लॅटमध्ये सगळं आहे, पण असा एकही वास नाही, की ज्याने इतक्या बायका एकदम आठवाव्यात.

आणि आईचं वाण काही तोंडदेखलं नव्हतं. पुढे कितीतरी पावसाळे आमच्या स्वयंपाकघरात परातींची रांग लागायची. मी सुट्टीत माहेरी गेले की बघायचे, बाहेर पाऊस कोसळतोय, आत एका शेगडीभोवती पाच-सहा जणी आपापलं पीठ मळत बसल्यात आणि अख्ख्या गावाची खबर तिथे भाजून निघतीय. मग घरोघर सिलिंडर आले. परातींची रांग आपोआप तुटली, कुणी भांडलं नाही की काही नाही. आई गेल्यावर माझ्या धाकट्या भावाने गुरं विकली. घुमटावर आता गवत वाढतं. सोय झाली हे मलाही कळतं, पण त्या स्वयंपाकघरासाठी माझा जीव तुटतो, तो तुटतोच.

पण हे सगळं नंतरचं. आधी ती शेगडी पेटायला हवी होती.

मार्चच्या सुरुवातीला साहेब कॅमेरा घेऊन आले. लंकाकाकू आणि आणखी चौघीजणी आल्या. दादांनी कॉक उघडला, काडी ओढली. फुस्स झालं, काडी विझली, नुसता वास आला. दुसरी विझली. तिसरीही विझली. मी चुलीवरच्या डाळीत पळी फिरवत होते, ती जोरात आपटली. माझ्या मनात पारगावची वरात निघाली होती.

"पहिला गॅस पेटत नसतो," साहेब म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. "तो सोडून द्या. पुन्हा साठू द्या. मी चार-आठ दिवसांनी येतो."

दादांनी गॅस सोडून दिला. एकदा, मग आणखी एकदा. मी तिकडे फिरकायचं सोडलं.

एका संध्याकाळी दिवेलागणीला मी चुलीत काटक्या घालत होते, तर आई भिंत धरत आत आली. शेगडीपाशी बसली, हाताने चाचपून कॉक फिरवला आणि काडी ओढली. निळी ज्योत उठली. आवाज नाही, धूर नाही. दादा दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.

मला हसू आवरेना. मी सवयीने परात ओढली, तवा ठेवला, आणि पीठ मळायला शेगडीसमोर बसले.

"ऊठ तिथनं," आई म्हणाली.

"अगं आई, तुला नीट दिसायचं नाही. आज मी करते."

"मला दिसतंय. ऊठ. ही जागा माजी हाय."

इतकं फटकन बोलली, की मला रडूच फुटलं. दिवाळीपासून मी या घराला जेवू घालत होते, त्याचं हे? मी उठून भिंतीला टेकले. आईने पाट ओढला, मांड ठोकून बसली, आणि एका डोळ्याने, खरं तर बोटांनीच, भाकरी थापली. ज्वाळेचा अंदाज तिला नव्हता. पहिली भाकरी मधोमध करपली. ती तिने ताटात टाकली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"खा. आन् सकाळच्या एसटीनं कालेजात जा. परीक्षेला किती दिस राह्यलेत, त्याचं बघ."

दारातून दादा हळूच म्हणाले, "अगं, पन पारगावला आक्कानं शब्द दिलाय. तिला काय सांगायचं?"

आईने दुसरी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला.

"सांगा," ती म्हणाली, "पोरीला सैपाक येत न्हाई."