चहा नको म्हणणारे सहा जण

"दहाला या म्हनले अन् अकरा वाजत आले. चहा तरी इचारावा माणसानं!"

शेजारची बाई स्वतःशीच पुटपुटली होती, पण खुर्च्या इतक्या चिकटून मांडलेल्या की ते थेट प्रतिभाच्या कानात पडलं.

"लांबून आलात का?" प्रतिभानं विचारलं.

"सिन्नरहून. रोहिणी माझं नाव. सातची यष्टी धरली, पोटात काय नाय."

प्रतिभा हसली आणि पुन्हा घड्याळाकडे बघू लागली. गेल्या दहा मिनिटांत ती चौथ्यांदा बघत होती. त्र्यंबक रोडवरच्या या नव्या यात्री निवासाला अजून रंगाचा वास येत होता. सिंहस्थाची गर्दी लोटायच्या आत ऐंशी खोल्या उघडायच्या होत्या, आणि स्वागतकक्ष सांभाळायला एक माणूस हवं होतं. बोलावलं होतं सहा जणांना, आणि मुलाखतही सहा जणांची एकदमच, एकाच टेबलाभोवती.

तेवढ्यात धोंडीराम नावाचा शिपाई ट्रे घेऊन आला. कपांतून वाफा निघत होत्या, आल्याचा वास खोलीभर झाला.

"चहा घेणार का?"

"नको नको," रोहिणी म्हणाली. टायवाला रविराज म्हणाला, "नो नो, थँक्यू." कोपऱ्यातल्या दोघी मैत्रिणींनी एकदमच मान हलवली. समोर बसलेला गोरक्ष म्हणाला, "राहू द्या हो." प्रतिभाही म्हणाली, "आत्ताच झाला."

"बरं," म्हणून धोंडीराम आल्या पावली परत गेला. सहा जणांचे डोळे ट्रेमागोमाग दारापर्यंत जाऊन आले.

"मेल्यानं परत इचारलं बी नाय," रोहिणी म्हणाली.

प्रतिभाला हसू आलं आणि लगेच विरलं. परत विचारलं नाही, एवढीच तर तिची गोष्ट होती.

पंचवटीतल्या एका लॉजवर तिनं अकरा वर्षं रजिस्टर सांभाळलं. कुठल्या खोलीचा नळ गळतो, कुठल्या पाहुण्याला वरचा मजला झेपत नाही, सगळं तिला तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी मॅनेजरची जागा रिकामी झाली तेव्हा मालक काउंटरपाशी उभ्या उभ्या म्हणाले होते, "ताई, तुम्ही बघाल का?"

"छे, मला कुठं जमतंय! गोरक्षला द्या," ती म्हणाली होती.

पानात आणखी पोळी वाढायला कुणी आलं की 'पुरे पुरे' म्हणायचं असतं, तसं. वाढणारी थोडीच ऐकते? वाढतेच. पण मालक म्हणाले, "बरं." मग तिच्या हाताखालचा हा गोरक्ष मॅनेजर झाला, आणि रजिस्टर कसं लिहायचं ते प्रतिभानंच त्याला शिकवलं. पोरगा वाईट नव्हता. मनापासून शिकला, ताई ताई करत शिकला. पुढे मालकांनी लॉज विकलं, दोघंही घरी बसले, आणि आज असे समोरासमोर.

घरी म्हणजे भावाच्या घरी, मखमलाबादला. वहिनी चांगली होती, हीच अडचण. रोज सकाळी प्रतिभा ओट्याशी गेली की वहिनी म्हणायची, "बसा ताई, मी करते ना." ताई बसायच्या. आठ महिने झाले, पाहुणी काही उठत नव्हती. आज हे जमलं नाही, तर संध्याकाळी पुन्हा तेच, बसा ताई.

भाची दिशानं मात्र कंबर कसली होती. साडीला इस्त्री केली, मोबाईलवर अशा एकत्र मुलाखतींचे व्हिडिओ दाखवले आणि पाठ करून घेतलं: "आत्या, पहिलं कधीच बोलायचं नाही. दुसऱ्या नंबरला बोलायचं. समोरच्याचं नाव घ्यायचं. मान डोलवत राहायची. आणि 'मी' नाही हं, 'आपण' म्हणायचं!"

सव्वाअकराला आत बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या वेदिका मॅडम जेमतेम तिशीच्या, वही उघडून बसलेल्या.

"समजा, सकाळचे सात वाजलेत," त्या म्हणाल्या. "दोन बस आल्यात, ऐंशी यात्रेकरू. तयार खोल्या पंचवीसच. वीस मिनिटांत ठरवा काय करायचं. शेवटी एकमतानं सांगा, तुमच्यातलं कोण हे सगळं बघणार. मी मध्ये बोलणार नाही. करा सुरू."

कुणीच सुरू केलं नाही.

प्रतिभा पहिल्याची वाट बघत होती. तिनं हळूच इकडेतिकडे पाहिलं. सगळेच वाट बघत होते, सगळेच मंद हसत, मान डोलवायच्या तयारीत. सगळ्यांनीच ते व्हिडिओ पाहिले होते की काय! एक मिनिट गेलं. दीड.

शेवटी रविराज खाकरला. "आपण आधी टीम बनवूया."

"रविराज, खूप छान मुद्दा," एक मैत्रीण म्हणाली.

"त्यात मी थोडं जोडते," दुसरी म्हणाली, आणि जोडलं काहीच नाही.

टीम बनली, तिला नाव देऊन झालं, स्वागताच्या कमानीला झेंडूची फुलं की ऑर्किड यावर चार मिनिटं गेली. ऐंशी माणसं बिचारी बसच्या पायरीवरच. प्रतिभाला राहवेना. रात्रभर बसमध्ये आखडलेली म्हातारी माणसं तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"त्यांना आधी बाथरूम पाहिजे," ती म्हणाली. "खोली नंतर. रिकाम्या खोल्यांची बाथरूमं उघडून द्यायची, म्हाताऱ्यांना पहिला नंबर. सामान एका खोलीत ठेवून कुलूप. हॉलमध्ये सतरंज्या. आणि चहा विचारायचा नाही, सरळ हातात द्यायचा."

रोहिणी खुदकन हसली. "हे मातर खरं हाय."

"प्रतिभाताई, खूप छान मुद्दा," रविराज म्हणाला आणि त्यात जोडायला लागला. मग सगळ्यांनी जोडलं. गोरक्ष समोरच्या कागदावर एकेक ओळ उतरवत गेला, सुबक अक्षरात, डावीकडे समास सोडून, तिनं शिकवला होता तसा. बघता बघता तो मुद्दा 'आपला' झाला. वेदिका मॅडम कुणाच्या नावापुढे काय लिहीत होत्या, दिसत नव्हतं.

"चार मिनिटं," त्या म्हणाल्या.

आता कोण? रविराज म्हणाला, "नाव महत्त्वाचं नाही, टीम महत्त्वाची." मैत्रिणींचं 'तू कर', 'नाही गं, तूच कर' झालं. "कुनीबी चालंल," रोहिणी म्हणाली. पहाटे उठून सिन्नरहून आली ती जणू कुणीबी चालावं म्हणूनच. सगळे सगळ्यांना पुढे करत होते आणि पुढे कुणीच होत नव्हतं.

"तीन."

प्रतिभाच्या बोटांनी पदराचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

मग गोरक्ष तिच्याकडे वळला आणि अगदी आदरानं म्हणाला, "ताई, तुम्ही बघाल का?"

तेच शब्द. तिनं चमकून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, पण कागद त्यानं स्वतःकडे ओढून घेतला होता, आणि पेन उघडंच होतं. पुढे काय येणार ते त्याला माहीत होतं. तेही तिनंच शिकवलं होतं.

'छे' तिच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा. सवयीचं, मऊ, विनासायास. दारामागे धोंडीरामच्या ट्रेमधले कप वाजले. परत कुणी विचारणार नव्हतं.

तिनं हात लांब केला आणि गोरक्षसमोरचा कागद आपल्याकडे घेतला.

"हो, बघते," ती म्हणाली. आवाज जरा मोठाच आला, मैत्रिणी दचकल्या. "आणि मॅडम, आमचं एकमत काही व्हायचं नाही. जागा एक आहे, आम्ही सहा जण. ज्यासाठी आलो ते सोडून बाकी सगळं बोलून झालं आमचं. मला ही नोकरी पाहिजे."