पास्टरांनी खोडलेलं नातं

पास्टर ओर्व्हिलनी वहीतला तो शब्द माझ्या डोळ्यांदेखत खोडला, तेव्हाच माझं डोकं सणकलं होतं. चाळीस वर्षं मी नदीकाठच्या या गावात शाळा चालवली. शिकवलेला शब्द विसरणारे पुष्कळ पाहिले, खोडणारा हा पहिलाच.

"बाई, हा शब्द आम्हाला नको," ते म्हणाले. "आमच्यात असं नातं नसतं."

शब्द होता कोमाद्रे. रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर मी परदेशातून आलेल्या या नवराबायकोला पोर्तुगीज शिकवायची आणि त्या दिवशी नात्यांचा धडा होता. मावशी, नणंद, जाऊ सगळं सुरळीत पार पडलं, इथे येऊन गाडं अडलं. पोराच्या बाप्तिस्म्याला जी बाई त्याला धरते, ती त्याच्या आईची कोमाद्रे. दोघींनी जन्मात भांडायचं नाही, एकमेकींना कोमाद्रेखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारायची नाही. पण पास्टरांच्या पंथात बाप्तिस्मा घ्यायचा तो कळत्या वयात, स्वतःच्या मनाने, नदीत बुडी मारून. तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी ओतणं म्हणजे निव्वळ पोरखेळ, असं ते बाजारात उभे राहून सांगत. मोडकीतोडकी का होईना, ती भाषा मीच त्यांच्या तोंडात घातलेली. त्यामुळे आमचे कॅथलिक पाद्री माझ्याशी धड बोलत नव्हते.

गावात त्यांच्या पंथाला बोकड म्हणायचे. "काय झुल्मीराबाई, बोकडांना बाराखडी आली का?" दुकानदाराने एकदा चारचौघांत विचारलं.

"तुला आली, मग त्यांना न यायला काय झालं?" मी म्हटलं. तो माझाच विद्यार्थी.

पास्टरांची बायको व्हर्ना मात्र मुखदुर्बळ. सगळं नीट लिहून घ्यायची, बोलायची वेळ आली की कानापर्यंत लाल व्हायची. सहा महिन्यांत तिच्या तोंडून एक अख्खं वाक्य मी ऐकलं नव्हतं. त्यांची मुलगी एस्तेर इथेच जन्मलेली, पाच महिन्यांची. धडा चालू असताना ती माझ्या मांडीवर बसून माझ्या चष्म्याची दोरी चघळायची. मला मूल नाही. म्हणजे होतं, चार दिवस.

आमच्या दफनभूमीला पांढरी भिंत आहे. बाप्तिस्मा झालेली पोरं भिंतीच्या आत, न झालेली बाहेर, निवडुंगापाशी. म्हणून पोर हातचं जातंय असं दिसलं आणि पाद्री जवळ नसले, तर कुणीही मेणबत्ती लावावी, पाणी ओतावं, ठरलेले शब्द म्हणावेत. ते देवाला पोचतं. माझ्या पोराच्या वेळी नवरा पाद्रींना आणायला गेला आणि मी वेड्यासारखी वाट बघत बसले. माझं पोर बाहेर आहे. पुढे गावातल्या अकरा पोरांवर मी पाणी ओतलं आणि एकदाही कुणाची वाट पाहिली नाही.

जानेवारीत एस्तेरला जुलाब लागले. औषधाच्या दुकानातल्या माणसाने दोन पुड्या दिल्या, तिसऱ्या दिवशी हात वर केले. पास्टर पहाटेच्या लाँचने डॉक्टरला आणायला गेले. जायला पाच तास, यायला पाच तास, आणि डॉक्टर भेटला तर. जाताना ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही इथे थांबा. प्रार्थना तेवढी आमच्या पद्धतीने." मी मान हलवली. पोरगी त्यांची.

मी आणि व्हर्ना पाळीपाळीने तांदळाची पेज आणि उकळून गार केलेलं पाणी चमच्याने पाजत होतो. दहापर्यंत पोटात राहत होतं. अकराला चमचाभर घेतलं की चमचाभर बाहेर. बारा वाजता ती रडायची थांबली. डोळे खोल गेले, टाळू वाटीसारखी आत गेली. मी अकरा पोरं पाहिलेली, मला कुणी सांगायची गरज नव्हती. व्हर्ना आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती.

पेज संपली. व्हर्ना भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली.

मी वचन दिलं होतं. म्हणजे मान हलवली होती, तेच ते. पास्टरांना कळलं तर या घराचा उंबरा मला बंद, आणि गावाला कळलं तर बाजारात त्यांची शोभा होईल. हे सगळं मला दिसत होतं. पण निवडुंगही दिसत होता. पिशवीत मेणबत्तीचा तुकडा नेहमी असतो, तो पेटवून मी पाळण्याच्या कडेला चिकटवला. पेल्यातलं पाणी तिच्या कपाळावर ओतलं आणि म्हटलं, "एस्तेर, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते."

मागे वळले तर दारात व्हर्ना, हातात पेजेचं भांडं.

ती मेणबत्तीकडे बघत होती. मग आत आली, भांडं खाली ठेवलं, पोरीचं ओलं कपाळ पदरानं टिपावं तसं आपल्या झग्याच्या टोकाने टिपलं आणि चमचा माझ्या हातात दिला. "पेज गार," एवढंच म्हणाली. तिला काही कळलं नाही, असं मी धरून चालले. मेणबत्ती विझवली, पिशवीत टाकली.

पाच मिनिटांनी एक चमचा, मग पाच मिनिटांनी एक. दोनला एक चमचा पोटात राहिला. तीनला लागोपाठ चार. चार वाजून गेल्यावर लाँचचा भोंगा वाजला आणि डॉक्टर, पास्टर दोघे धावत आले. डॉक्टरने सुई लावली, सलाईन चढवलं. संध्याकाळी पोरगी रडली, चांगली टाहो फोडून. मीही रडले. "या चमच्यांनी तिला माझ्या हाती लागेपर्यंत टिकवलं," डॉक्टर म्हणाला. मी पाण्याचं कुणाला काही सांगितलं नाही.

आठवड्याने पुन्हा धडा सुरू झाला. एस्तेर माझ्या मांडीवर. पास्टर बाहेर आले ते वही न घेता. त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर वाळलेल्या मेणाचा थेंब.

"पाळण्याला होता," ते म्हणाले. आवाज शांत, पण मानेची शीर उडत होती. "बाई, माझ्या घरात मेणबत्ती कुणी लावली?"

खोटं बोलायला मला जमलं असतं. पण पोरीने माझ्या चष्म्याची दोरी धरली होती आणि मला वाटलं, आता ही माझ्या मांडीवरून उचलली जाणार, पुन्हा कधी देणार नाहीत.

"कोमाद्रेने लावली," व्हर्ना म्हणाली.

पास्टर तिच्याकडे वळले. ती लाल झाली नव्हती. "तुम्ही नव्हता," ती सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली. "पोरगी जात होती. मी दारात होते. मला सगळं कळलं, आणि मी थांबवलं नाही. मला ते हवं होतं."

सहा महिन्यांतली तिची पहिली अख्खी वाक्यं. त्यांत एकही चूक नव्हती.

"मी बाजारात काय सांगतो, ते तुला माहीत आहे," पास्टर म्हणाले.

"माहीत आहे. उद्याही सांगा. मी काही बोलणार नाही."

त्यांनी मूठ मिटली, मेणासकट, आणि आत गेले. मला वाटलं, सामान बांधायलाच गेले. ते वही घेऊन परत आले, माझ्यासमोर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुठल्या धड्यावर होतो आपण?"

त्या दिवसापासून व्हर्नाने मला बाई म्हटलं नाही.