नाईटवाला झोपलाय

आमच्या बोईसरला दिवसा दारात बूट दिसले की कुणी दार वाजवत नाही. बूट म्हणजे कंपनीचे, पुढे लोखंड घातलेले, केमिकलचा वास मारणारे. ते घरात कोण घेणार? म्हणून ते उंबऱ्याबाहेरच असतात. दुपारी दोन वाजता ते तिथे असले की समजायचं, नाईटवाला झोपलाय. गॅसवाला सिलिंडर शेजारी ठेवून जातो, पोरं चेंडू घेऊन पलीकडे पळतात, भाजीवाली आवाज खाली आणते. हे कुणी ठरवलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, तरी इथे सगळे पाळतात. इतक्या चांगल्या रीतीचं मी काय केलं, ते सांगतो.

मी सुजित. गाव जिंतूरकडचं, परभणी जिल्हा. सहा वर्षं एका रंगाच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली होतो. गेल्या ऑगस्टमध्ये ठेकेदाराने ब्रेक दिला. ब्रेक म्हणजे काढूनच टाकणं, फक्त ऐकायला बरं वाटतं. ‘पंधरा दिवसांनी बोलावतो’ म्हणाला आणि गेटपास काढून घेतला. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे पाच झाले.

बूट तेवढे माझे स्वतःचे होते, म्हणून ते राहिले.

आम्ही राहायचो येसूबाईंच्या खोलीत, दांडी गावाच्या रस्त्याला. त्यांचे मालक कमलाकांत जन्मभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे म्होरके होते. गुडघे गेले तेव्हा बोट विकली आणि आलेल्या पैशात घरामागे तीन खोल्या बांधल्या. घर चालायचं ते आमच्या भाड्यावर आणि येसूबाई अंगणात दोऱ्या बांधून बोंबील सुकवायच्या त्यावर. मी त्यांना मावशी म्हणायचो, कमलाकांतांना तात्या. बाकीच्या दोन खोल्यांत फर्स्ट शिफ्टची पोरं होती. दिवसभर त्या खोल्यांना कुलूप.

आता माझा शहाणपणा ऐका. नवीन भाडेकरू आला की तात्या मला बोलवायचे आणि मी त्याची उलटतपासणी घ्यायचो. ‘तात्या, याला देऊ नका, याची नोकरी कच्ची आहे. हा पळणार.’ स्वतः ठेकेदाराचा माणूस, आणि असा रुबाब! दोघाजणांना तरी मी असं परत पाठवलं होतं. अशा माणसाने आता कोणत्या तोंडाने सांगायचं की माझी नोकरी गेली?

म्हणून सांगितलं नाही. सप्टेंबरच्या दहा तारखेला मी आपणहून अंगणात गेलो आणि म्हणालो, “मावशी, यंदा पगार लांबलाय.”

त्या बोंबील उलटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “दे सवडीनं.”

एवढं सोपं होतं ते. त्याच वेळी बसून सगळं सांगितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण मला वाटलं, या महिन्याला सवड दिली, पुढच्या महिन्याला दार वाजणार. दार वाजू नये म्हणून काय करायचं, ते माझ्या उंबऱ्यापाशीच पडलेलं होतं.

तेव्हापासून मी नाईटवाला झालो. संध्याकाळी डबा घेऊन निघायचो ते थेट रामकिसनच्या केबिनमध्ये. रामकिसन आमच्याच भागातला, एका बंद गोडाऊनवर वॉचमन. त्याच्या बाकड्यावर रात्रभर घोरायचो, सकाळी डोळे चोळत घरी यायचो आणि उंबऱ्याशी बूट ठेवायचो. बायको, वर्षाराणी, तिने एका पॅकिंगच्या युनिटमध्ये काम धरलं होतं. ती आठला जायची. मग दिवसभर मी टक्क जागा, पत्र्याकडे बघत, झोपेचं सोंग घेऊन पडलेला. खोकला आला तरी उशीत दाबायचा.

“मावशीला सांगून टाका की,” वर्षाराणी एकदा म्हणाली. “त्या काय खातेत का तुम्हाला?”

“तू गप बस,” मी म्हणालो. तिच्या पगारातून दुकानदाराची उधारी चालली होती, आणि मी तिला गप बसायला सांगत होतो.

शक्कल मात्र लागू पडली. दोन महिने कुणी दार वाजवलं नाही. उलट मावशींनी पाटा माझ्या भिंतीजवळून उचलून पलीकडे नेला. तात्या दुपारी मोठ्याने रेडिओ लावायचे, तो बंद झाला. कुणी अंगणात मोठ्याने बोललं की मावशी दटावायच्या, “हळू बोला रं, नाईटवाला झोपलाय.” मी आत पडून ऐकायचो. लाज वाटायची, खोटं का बोलू? पण लाजेपेक्षा बरं वाटायचं जास्त.

नोव्हेंबरातला बुधवार होता. दुपारचा एक वाजून गेला असेल. बाहेर घाईघाईने पावलं आली आणि माझ्या दारापाशी थांबली. बांगड्यांचा आवाज आला. मी ओळखलं, मावशी. आज तिसऱ्या महिन्याची बारा तारीख. मनात म्हटलं, आली बघ भाड्याला.

“सुजित...” त्यांनी हाक मारली. हळूच. एकदाच.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, धाप लागल्यासारखा. धाप का लागली असेल, हा विचार माझ्या मनात आला का? आला. खरं सांगायचं तर आला, आणि मी तो बाजूला सारला.

मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, “नको बाय. रातभर जागून आलाय पोर.” आणि पावलं पळत रस्त्याकडे गेली.

माझा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, मला हसू आलं. आज वाचलो, असं म्हणून मी कुशीवर वळलो.

अर्ध्या तासाने रिक्षाचा आवाज आला. माणसांचे आवाज आले. कुणीतरी ‘पाय धरा, पाय धरा’ म्हणत होतं. तेव्हा मी उठून बसलो. आता बाहेर जावं की नको? गेलो तर विचारतील, इतका वेळ कुठे होतास. म्हणून नाही गेलो. पाच वाजता जांभया देत, केस विस्कटून बाहेर आलो आणि अंगणात उभ्या असलेल्या बायांना विचारलं, “काय झालं हो?”

तात्या मोरीत पडले होते. एक अंग गेलं होतं. मावशींनी एकटीने त्यांना ओढत ओढत ओटीवर आणलं, मग अनवाणी रस्त्यावर जाऊन रिक्षा शोधली. दुपारच्या वेळी आमच्या रस्त्याला रिक्षा कुठली? माझी मोटारसायकल दारात उभी होती. तिच्यात पेट्रोल होतं. मी तात्यांना पाठीशी बांधून दहा मिनिटांत दवाखान्यात नेलं असतं.

बोईसरहून त्यांना पालघरला हलवलं. डॉक्टर म्हणाले म्हणे, अर्धा तास आधी आणलं असतं तर बोलणं तरी वाचलं असतं.

पंधरा दिवसांनी तात्यांना घरी आणलं. खाटेवर निजवलेले, उजवा हात लाकडासारखा, तोंडातून नुसता घोगरा आवाज. मी बघायला गेलो. जाणं भागच होतं. मावशी मला बघून उठल्या आणि मला वाटलं, आता कळलं यांना. पण त्या म्हणाल्या, “त्या दिशी तुज्या दाराशी आली व्हती मी. हाक मारली. झोपमोड तं नाय ना झाली तुजी?”

“नाही मावशी,” मी म्हणालो. “मला काही कळलंच नाही.”

आयुष्यात खोटं पुष्कळ बोललोय. या वाक्याची मात्र मला अजून शिसारी येते.

तरी तेवढ्यावर निभावलं असतं. मी निगरगट्ट माणूस, पचवलं असतं. पण तात्यांची बहीण गोजराबाई दांडीहून रोज यायला लागली. यायची, भावाकडे बघून डोळे पुसायची आणि मग वहिनीवर सुटायची.

“शेजारी असा दांडगा पोर झोपलेला. दार ढकलता नाय आला तुला?”

“नाईट करून आलेला तो. त्या विषारी वासात रातभर उभा रातो,” मावशी म्हणायच्या. “त्याला कसा उठवू?”

“भाडेकरूची झोप मोठी, आन माजा भाऊ लहान!”

भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला मावशी उत्तर द्यायच्या. मग गप्प राहायला लागल्या. मग गोजराबाई नसतानाही मी त्यांना तात्यांशी बोलताना ऐकलं, “माजाच चुकला, ओ. एक लाथ मारायला पायजे व्हती दाराला.” तात्या काय बोलणार? त्यांचं नुसतं घुं घुं.

वर्षाराणीनेही ते ऐकलं. ती भाकरी थापत होती. तिने हात थांबवले आणि मला विचारलं, “तुम्ही त्या दिवशी खरंच झोपले होते का?”

मी जेवण अर्धं टाकून बाहेर गेलो. तिने परत विचारलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं. पण काय सांगू? नोकरी गेली, भाडं देता आलं नाही, हे सांगण्यात आता काय होतं? मावशी म्हणाल्या असत्या, असू दे. पण नोकरी नव्हती म्हटलं की नाईट नव्हती. नाईट नव्हती म्हटलं की झोप नव्हती. एक धागा ओढला की सगळं उसवणार. म्हणून मी डबा घेऊन रोज बाहेर पडतच राहिलो.

जानेवारीत ठेकेदाराने बोलावलं. ब्रेक संपला. नवीन गेटपास मिळाला आणि महिन्याने पगार. मी ठरवलं, आधी मावशींचे पैसे. थकलेलं सगळं भाडं एकदम दिलं की मन हलकं होईल, असा माझा हिशेब. वर्षाराणीचा पगारही त्यात घातला. रविवारी दुपारी पाकीट घेऊन गेलो. मावशी अंगणात बोंबील काढत बसल्या होत्या. तात्या आत खाटेवर होते, दार उघडं होतं.

“मावशी, हे भाडं. सगळं आहे. उशीर झाला.”

त्यांनी हात पदराला पुसले, पाकीट घेतलं, त्यातल्या काही नोटा काढून माझ्या पुढ्यात धरल्या. “हे ठेव तुला. तुजे बी हाल झालेत. रातीच्या राती जागलास तू.”

“नको मावशी.”

“ठेव रं. आमच्यापायी झोपमोड नाय झाली तुजी, तेवढाच बरा. नायतं दोघांचा पाप मला लागला असता.” मग त्यांचा आवाज फुटला. “ह्यांची वाचा मी घालवली, पोरा. गोजरा खोटा नाय बोलत. दाराशी उभी राहून परत फिरली मी.”

त्या रडत होत्या आणि नोटा माझ्यापुढे धरलेल्या तशाच होत्या. मी खाली जमिनीवर बसलो.

“मावशी, मला नाईट नव्हती.”

“कवा?”

“तेव्हा. ऑगस्टपासूनच. माझी नोकरी गेली होती. बूट उगाच ठेवायचो दारात.”

त्यांनी डोळे पुसले. “मंग सांगायचा नाय? नोकरी काय, येते, जाते.” म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात एकेक गोष्ट जुळत होती आणि मला ते समोर दिसत होतं. पळून जावंसं वाटत होतं.

“मंग त्या दिशी तू जागा व्हतास.”

“हो.”

“माजी हाक ऐकलीस?”

“ऐकली.”

“मंग?”

“मला वाटलं, तुम्ही भाडं मागायला आलात.”

मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी पुढ्यातला बोंबील फेकून मारला असता तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, अगदी समजून घ्यायचं असल्यासारखं, “कदी मागितला व्हता मी?”

मी आठवून बघितलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. त्याआधीची सहा वर्षं. एकदाही नाही. दर वेळी मीच नेऊन द्यायचो आणि त्या न मोजता कमरेला खोचायच्या.

मावशी उठल्या. नोटा पाकिटात घातल्या, पाकीट ओटीवर ठेवलं. माझ्याकडे न बघता आत गेल्या आणि तात्यांच्या खाटेशी वाकल्या. मला वाटलं, आता सांगतील की हा असा निघाला, याला हाकला. पण त्या नवऱ्याचा निकामी हात दोन्ही हातांत धरून त्याच्या कानाशी घाईघाईने बोलत होत्या, हसत होत्या की रडत होत्या ते मला कळेना.

“ओ, ऐकलात का? तो जागा व्हता. जागा व्हता तो. माजा नाय चुकला, ओ. मी हाक मारली व्हती.”