लेनचं अपुरं गाणं

कस्तुरी मँचेस्टरची. आईबाबा दोघंही हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मुलगी गिटार खांद्याला लावून हाँकी-टाँक गात हिंडणारी. अमेरिकेतल्या दारूच्या गुत्त्यांत वाढलेलं हे जुनं कंट्री संगीत. त्यात स्टील गिटार रडते, संसार मोडतात, तरी ऐकणाऱ्याचा पाय ठेका धरतोच. वीस वर्षं ती उत्तर इंग्लंडातल्या सोशल क्लबांत गात होती. गाणी स्वतःच लिहायची. "इतक्या जुन्या वळणाचं आता कोण लिहितं?" असं कुणी म्हटलं, की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी, मोरकमला समुद्राकाठच्या क्लबात, तिने नवं गाणं पहिल्यांदा म्हटलं. सकाळीच ट्रेनमध्ये पुरं केलेलं. पुढच्या टेबलावर पांढऱ्या केसांची एक बाई ओठ हलवत होती. असतात असे श्रोते. पण दुसऱ्या कडव्याला कस्तुरीच्या लक्षात आलं, बाई तिच्या मागून म्हणत नव्हती. आधी म्हणत होती.

मध्यंतरात कस्तुरी तिच्यापाशी गेली. "हे गाणं तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या नवऱ्याचं ना ते," बाई म्हणाली. तिचं नाव मॉरीन. "लेन याच स्टेजवर गायचा. पण पोरी, शेवटचं कडवं गाळलंस तू."

आणि तिने ते हळू आवाजात म्हणून दाखवलं. ते कडवं तिने ट्रेनमध्ये लिहून लगेच खोडलं होतं. वही बॅगेत होती, बॅग पायाशी.

"त्यांनी रेकॉर्ड केलं होतं कधी?"

"कुठलं! कागदावरसुद्धा उतरवलं नाही. सगळं डोक्यात."

पुढच्या महिन्यात कस्तुरीने आणखी एक गाणं लिहिलं आणि धीर करून मॉरीनला फोनवर ऐकवलं. पहिली ओळ संपते न संपते तोच मॉरीनने दुसरी म्हटली.

"हे आमच्या लग्नाच्या वर्षातलं," ती म्हणाली. "आता लेनचं एकच गाणं राहिलं. ते अपुरंच आहे. शेवटची ओळ सुचेना, म्हणून भर दुपारी वाळूवर फिरायला गेला. भरतीने गाठलं, परत आलाच नाही. तू जन्मलीही नसशील तेव्हा. पोरी, ते तेवढं लिहू नकोस."

कस्तुरीने शब्द दिला आणि वही कपाटात टाकली. दोन आठवडे बरे गेले.

मग एका सकाळी ती आईकडे गेली होती. आई, म्हणजे स्वातीताई, रिटायर झालेल्या, कंट्री म्हटलं की नाक मुरडणाऱ्या. कणीक मळता मळता त्या काहीतरी गुणगुणत होत्या. संथ, तीन मात्रांची, वाळूवरून पाणी सरकावं तशी चाल. कस्तुरीने ती कधीच ऐकली नव्हती, आणि तरी पुढचा प्रत्येक सूर तिला ठाऊक होता.

"आई, हा कुठला गाणं आहे?" गाणं 'हा' की 'हे', यात तिची नेहमीच गल्लत व्हायची.

"अगं, तुझंच की. बोलायला लागायच्या आधीपासून गुणगुणायचीस. मी आणि बाबा हसायचो. शेवटाला आलीस की मात्र गप्प व्हायचीस, आणि भोकाड पसरायचीस."

कस्तुरी मागच्या बागेत गेली आणि तिने मॉरीनला फोन लावला. आईने सांगितलेलं सगळं सांगितलं. "मी ते लिहिणार नाही," ती म्हणाली. "शप्पथ."

पलीकडून मॉरीन बोलली. आवाज मात्र विशीतल्या मुलीचा.

"लेन? जेवण निवून गेलं रे. ये ना आता घरी."

कस्तुरीने फोन बंद केला. ती अजूनही गाते, पण दुसऱ्यांची गाणी. त्या किनाऱ्यावरच्या क्लबातून तीनदा बोलावणं आलं. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली.